मंगळवारची हजेरी

१

सोमवारी संध्याकाळी मेलेली बाई मंगळवारी सकाळी आठच्या ठोक्यानंतर चौतिसाव्या सेकंदाला कामावर हजर झाली होती.

साहेबांनी तो कागद दोन बोटांनी माझ्याकडे सरकवला, कुणाचा तरी ओला रुमाल सरकवावा तसा. त्याला डॉक्टरांचा दाखला जोडलेला होता: मृत्यू सोमवारी, सहा ते आठच्या दरम्यान, अतिउष्णतेने हृदय बंद पडून. कागदावर होती धुलाई कारखान्याच्या फाटकावरील यंत्राची नोंद: सोमवारी पाचला बाहेर, मंगळवारी आठला आत.

“दोघी बहिणी आहेत,” साहेब म्हणाले. “थोरली मेली. धाकटीनं तिच्या नावावर एक दिवसाची मजुरी लाटली, आणि वर कामावर मेली म्हणून भरपाईचा अर्ज. बाहेरून येतात, पण डोकं बघा कसं चालतं! दावा बनावट आहे, एवढं लिहून आणा.”

“आणि नसला तर?”

“तर असण्यासारखं काय आहे, ते लिहून आणा.”

कामगार कल्याण निधीत मी अठरा वर्षे तपासनीस आहे. कल्याण हा शब्द आमच्या पाटीवर आहे. आत आम्ही खोटे शोधतो, आणि तेही फक्त खालच्या मजल्यांवरचे. विधवेच्या खोलीबाहेर पुरुषाच्या चपला आहेत का, हे मी वाकून पाहिले आहे. लुळ्या हाताचा माणूस नातवाला कडेवर घेतो का, हे पाहायला झाडाआड उभी राहिले आहे. घरी येऊन हात धुतले तरी तो चिकटपणा जात नाही, आणि महिन्याच्या अखेरीस त्याच हातांनी मी पगार घेते.

नियम असा होता. काम करताना मृत्यू आला तर वारसाला भरपाई. कामाबाहेर आला तर काही नाही. आणि दावा खोटा ठरला तर दावा करणाऱ्याचा कामाचा परवाना रद्द, मिळेल त्या गाडीने परत. धाकटीची खाट थोरलीच्या नोकरीवर मिळालेली होती. ती शनिवारपर्यंत रिकामी करायची होती.

त्या दिवशी गुरुवार होता.

२

हा कारखाना रुग्णालयांच्या आणि हॉटेलांच्या चादरी धुतो. एका दारातून मळकी गाठोडी आत येतात, रक्ताची, वांत्यांची, अनोळखी शेजांच्या घामाची. दुसऱ्या दारातून घडी घातलेली निरागसता बाहेर पडते. मधल्या अंतराला मजुरी म्हणतात. त्या अंतराच्या शेवटी तापलेला रूळ आहे, माणसाच्या कवेत मावणार नाही एवढा जाड. ओल्या चादरीची कड बोटांनी ताणून त्याच्या जबड्यात सारायची आणि बोटे तेवढी परत घ्यायची. रुळावर अकरा बायका होत्या. आता दहा.

त्या वाफेतही मुकादमाचा सदरा कोरडा होता. तो पेपरमिंटची गोळी गालात फिरवत बोलत होता.

“आमच्याकडे सगळं घरच्यासारखं आहे, मॅडम. थोरली पाचला गेली. वसतिगृहाच्या जिन्यात कोसळली, आठला सापडली. वाईट वाटतं. पण जिना म्हणजे काही कारखाना नव्हे.”

“आणि मंगळवारी सकाळी ती परत आली.”

गोळी एका गालातून दुसऱ्यात गेली. “ते त्या पोरीला विचारा.”

काचेच्या खोलीतला हजेरी कारकून मधेच म्हणाला, “मशीन खोटं बोलत नाही, मॅडम. आधी कार्ड दाखवायचं, मग अंगठा. दोन्ही जुळले तरच हिरवा दिवा. आणि मला काही विचारू नका. मी आठ दिवस गावाला होतो, कालच आलो.”

मी रुळाकडे गेले. यंत्राच्या घरघरीत बायकांशी ओरडून बोलावे लागत होते. तुम्ही किती वाजता सुटता, असे विचारताच दहा तोंडांतून एकदम उत्तर आले, “पाचला!” घोकलेल्या कवितेसारखे. त्यानंतर कुणीच माझ्याकडे पाहिले नाही. एक उंच, हडकुळी बाई तेवढी हसली. तिला सगळ्या काठी म्हणत.

“पाचला सुटता, मग हाताचं हे असं कशानं झालं?” मी तिचा तळवा उलटा करून विचारले.

“सोड्यानं, बाई. आणि उरलंसुरलं रुळानं.”

तिच्या बोटांची टोके काचेसारखी गुळगुळीत होती. एकाही बोटावर रेघ नव्हती.

“अंगठ्याच्या रेघा कुठायत?”

“त्या चादरींबरोबर गेल्या. एखाद्या हॉटेलात कुणीतरी साहेब झोपला असेल त्यांच्यावर.” शेजारच्या दोघी फिसकन हसल्या आणि लगेच गप्प झाल्या.

“कार्ड दे तुझं. जरा यंत्रापाशी चल.”

“कार्ड? ते वर्षभर बघितलं नाही हो मी.”

मी कारकुनाकडून तिचा क्रमांक यंत्रात घालून घेतला. काठीने अंगठा टेकवला. लाल. पदराला पुसून पुन्हा टेकवला. लाल. तिसऱ्यांदा लाल. मग मी एकेक करून दहाही जणींना बोलावले, आणि दहाही वेळा त्या यंत्राने आपला एकुलता एक लाल डोळा वटारला.

कारकून खिडकीबाहेर पाहू लागला. कारण माझ्या हातात गेल्या वर्षभराच्या नोंदी होत्या, आणि त्यांत या अकरा बायकांच्या नावांपुढे एकदाही लाल दिवा लागलेला नव्हता.

३

वसतिगृह कारखान्याच्या मागच्या भिंतीला पाठ टेकून उभे होते. एका खोलीत बारा खाटा, एकीवर एक. खाटेचे भाडे, दिव्याचे भाडे, गरम पाण्याचे बादलीमागे भाडे, सारे मजुरीतून आधीच कापलेले. भिंतीला रंग नव्हता, सूचना होत्या.

दाराशीच मावशी भांडी घासत होती. साठीची बाई, पूर्वी रुळावरचीच. आता वसतिगृहाच्या किल्ल्या सांभाळते, पगार नाही, खाट फुकट. आमच्या निधीतून तिला म्हातारपणाचा भत्ता मिळतो, आणि त्याची अट मला तोंडपाठ होती: कायमचा पत्ता नसेल तर भत्ता नाही. तिच्या उजव्या अंगठ्याला चादरीची चिंधी घट्ट गुंडाळलेली होती.

“लागलं का, मावशी?”

“कापलं जरासं. तुम्ही वर जा बाई, पोरगी वर आहे. दोन दिवस अन्नाला शिवली नाही. बघा, तुमचं ऐकते का.”

धाकटी वरच्या खाटेवर पाय सोडून बसली होती. ती आठ महिन्यांपूर्वी आली होती. मळक्या चादरी निवडण्याच्या खात्यात, हातमोजे घालून काम करी. खाली न उतरता तिने मला न्याहाळले.

“भरपाई द्यायला आलात की मला मोजायला?”

“विचारायला.”

“एकच झालं. विचारा.”

“मंगळवारी सकाळी आठला तू कुठे होतीस?”

“शवागाराच्या बाकावर. साडेसातपासून दहापर्यंत. नंबर लागतो तिथंही. तिथल्या वहीत सही आहे माझी, जाऊन बघा. ताईच्या नावावर हजेरी मी लावली म्हणता ना? ताईला न्यायला गेले होते मी. दोन्हीकडे कशी असेन?”

“सोमवारी ताई किती वाजता सुटली?”

“माझी पाळी दोनला संपते. मी इथं झोपले होते. मावशीनं उठवलं, म्हणाली, ताई जिन्यात पडलीय.” ती खाटेवरून माझ्याकडे वाकली. “रुळावरच्या पाचला सुटत नाहीत, बाई. ताई रोज आठला यायची. पण हे कुणीही तुम्हाला सांगणार नाही. प्रत्येकीला खाट आहे.”

“पुरावा?”

“माझ्याकडे एवढंच आलं.” तिने उशीखालून एक चुरगळलेली चिठ्ठी काढून माझ्या अंगावर टाकली. “माणूस गेलं तर यांना याची पडलीय.”

चिठ्ठीवर मुकादमाची सही होती. मृत कामगाराकडे असलेले कंपनीचे पांढरे रबरी बूट शनिवारपर्यंत परत न केल्यास त्यांची किंमत शेवटच्या मजुरीतून वळती केली जाईल.

मी ती दोनदा वाचली.

“बूट कुठे आहेत?”

“शवागारातून कपड्यांच्या पिशवीत मिळाले. पायात होते तिच्या.”

मी कारखान्यातून नुकतीच आले होते. फाटकाच्या आतल्या बाजूला जाळीची मांडणी होती, आणि तिच्यावर ठळक अक्षरांत लिहिले होते की बूट काढून ठेवल्याशिवाय फाटक उघडणार नाही.

४

शुक्रवारी सकाळी मी कार्यालयात दार लावून बसले आणि नोंदी टेबलभर पसरल्या.

बूट काढल्याशिवाय फाटकातून कुणाला चालत जाता येत नाही. थोरली बुटांसह बाहेर आली. म्हणजे ती चालत आली नाही, तिला आणले गेले. मुकादमाने आपल्या कंजूषपणाने स्वतःच ते लिहून दिले होते. बूट त्याच्या मांडणीतून कमी झाले होते, आणि मेलेल्या बाईच्या पायांतलेही त्याला सोडवत नव्हते. नफ्याचा हिशेब इतका अंगवळणी पडला की माणूस स्वतःच्या अपराधाचीही पावती फाडतो.

पण मग पाचची नोंद कुणी केली? आणि मंगळवारची?

इतर कामगारांच्या नोंदी माणसांसारख्या होत्या: कुणी आधी, कुणी धावत, ओल्या बोटांनी दोनदा लाल, मग हिरवा. रुळावरच्या अकरा जणी मात्र रोज आठला आत येत, पाच-पाच सेकंदांच्या अंतराने, कार्डाच्या क्रमांकांच्या ओळीने, पहिल्याच स्पर्शाला हिरवा दिवा. संध्याकाळी पाचला त्याच ओळीने बाहेर. वर्षभर एकीने दुसरीला मागे टाकले नव्हते. एकीला ठेच लागली नव्हती, एकीची चप्पल तुटली नव्हती. अकरा बायका अशा चालत नाहीत. दोरीत ओवलेली अकरा कार्डे मात्र एका हातातून अशीच सरकतात. थोरलीचे कार्ड सातवे होते. म्हणून चौतिसावा सेकंद.

एकच हात, एकच अंगठा, अकरा नावांवर चढवलेला. चढवणारा कारकून, यात शंका नव्हती. पण अंगठा त्याचा नव्हता. तो आठ दिवस गावाला असतानाही दोरी रोज सरकली होती. मुकादम नवाच्या आत कधी उगवत नाही, हे त्याच्याच नोंदी सांगत होत्या. धाकटी शवागाराच्या बाकावर होती. तिथली वही मी सकाळीच पाहून आले होते. रुळावरच्यांचे अंगठे केव्हाच वाहून गेलेले.

म्हणजे असे कुणीतरी, जे रोज आठला आणि पाचला फाटकाशी असते, ज्याचा अंगठा शाबूत आहे, आणि जे या कागदांत कुठेच नाही.

मी दुपारी पुन्हा वसतिगृहात गेले. मावशी दाराशी बसून अंगठ्याची चिंधी सोडत होती. तिने मला पाहिले नव्हते. चिंधीखाली कापलेले काहीच नव्हते. तिने शेजारच्या वाटीतले तेल बोटाने घेतले आणि त्या अंगठ्याला चोळले, हळूहळू, एखाद्या तान्ह्याला चोळावे तसे.

५

मी समोर बसले. तिने अंगठा मुठीत लपवला, मग स्वतःच मूठ उघडली.

“रूळ सुटला की सहा महिन्यांत रेघा परत येतात,” ती म्हणाली. “मला वाटलं होतं, आता या माझ्या.”

“कधीपासून?”

“नवं मशीन आलं तेव्हापासून. बायकांचे अंगठे घेईना ते. अंगठा नाही तर हजेरी नाही, हजेरी नाही तर मजुरी नाही. आठ-आठ दिवस फुकट राबल्या. मग कारकून म्हणाला, मावशी, तुझा चालतोय, तूच लाव. मी म्हटलं, लावते. त्यात काय पाप होतं, सांगा?”

“सकाळी नव्हतं.”

“हो.” तिने मान खाली घातली. “मग मुकादम म्हणाला, आता पाचलाही तूच लाव. त्या आठपर्यंत आत. मशीनच्या लेखी घरी. मी नको म्हटलं तर म्हणाला, मावशी, खाट फार मऊ झाली का? खाट गेली की पत्ता जातो, बाई. पत्ता गेला की तुमचा भत्ता. तुमचेच नियम.”

आमचेच नियम. माझ्या बॅगेत त्यांची छापील प्रत होती.

“सोमवारी काय झालं?”

“सातला मागचं दार वाजलं. दोघा हमालांनी मळक्या चादरींची गाडी ढकलत आणली. मुकादम बरोबर. वर हॉस्पिटलची चादर टाकलेली. मला म्हणाला, जिन्यात पडली, असं सांगायचं. ती इथं आली होती, असं सांगायचं.”

मागे काहीतरी हलले. धाकटी जिन्याच्या मधल्या पायरीवर उभी होती. ती तिथे केव्हा आली, हे आम्हा दोघींनाही कळले नव्हते.

“मावशी,” ती अगदी शांतपणे म्हणाली, “तेव्हा ताईला श्वास होता का?”

मावशीने तेलाची वाटी बाजूला सरकवली.

“होता का?”

“होता. थोडा. मी पाणी लावलं ओठांना. मुकादम म्हणाला, हॉस्पिटलची गाडी मागवू नकोस, मी मागवतो. आठपर्यंत त्यानं मागवली नाही.”

ज्या रुग्णालयाच्या चादरी थोरली वर्षानुवर्षे त्या जबड्यात सारत आली, ते तिथून चालत दहा मिनिटांवर होते. माझ्या तोंडात कडू पाणी आले. मी खाली पाहिले, तर फरशी लख्ख घासलेली होती. थुंकायलाही जागा नव्हती.

“त्या रात्री तू माझ्या केसांतून हात फिरवत होतीस,” धाकटी म्हणाली. “तासभर. याच हातानं.”

मी एकच प्रश्न राखून ठेवला होता. “मावशी, सोमवारचं खोटं तुझ्याकडून करवून घेतलं. पण मंगळवारी ती मेली आहे हे तुला ठाऊक होतं. तरी सातवं कार्ड का दाखवलंस? सवयीनं?”

तिने डोळे पुसले, आणि ते प्रयत्नपूर्वक डाव्या हाताने पुसले.

“सवयीनं नाही. हातात आलं तेव्हा थांबले मी. मनात आलं, महिन्याचा हिशेब व्हायचाय, एक दिवस आणखी लागेल. पोरीला तेवढाच आधार. बाई, मला काय ठाऊक, त्यानंच तिचा दावा बुडेल?”

धाकटी जिन्यातच खाली बसली. तिला हसू येत होते की रडू, हे तिलाही कळत नसावे.

“एका दिवसाची मजुरी दिलीस मला,” ती म्हणाली. “वा, मावशी!”

मी जबाबाचा कोरा कागद काढला, आणि काढता काढता मावशीला सांगून टाकले की यावर अंगठा उठला तर धाकटीचा दावा वाचेल, पण मावशीचा स्वतःचा भत्ता जाऊ शकेल. ते मी इतक्या सराईत आवाजात सांगितले की माझी मलाच शिसारी आली. मावशीने ऐकून घेतले. धाकटीकडे पाहिले नाही. “कुठं लावायचा?” एवढेच तिने विचारले.

६

अहवाल मी सात पानी लिहिला. साहेबांनी तो शेवटून वाचला.

“मुकादमाचं पुढं बघू. मोठा कारखाना आहे, वरपर्यंत विचारावं लागेल. भरपाई द्यावी लागेल, बुटांचा पुरावा खोडणं फार अवघड आहे.” मग त्यांचा चेहरा उजळला. “पण ही म्हातारी! वर्षभर खोटी हजेरी, आणि आपला भत्ता खातेय. हे स्वच्छ प्रकरण आहे. छान पकडलंत.”

“तिच्याच जबाबावर सगळं उभं आहे, साहेब. तिला धमकावलं होतं.”

“जबाबाबद्दल आभार मानू तिचे. पत्रात घाला एक ओळ.”

मी वाद घातला, चांगला अर्धा तास घातला. मग ते पत्र लिहिले, कारण ते लिहिणे माझे काम होते. आभाराची ओळ घातली नाही. एवढेच मला जमले.

निर्णय होईपर्यंत धाकटीची खाट राहू दिली गेली. तीन आठवड्यांनी दोन्ही आदेश घेऊन मी स्वतः वसतिगृहात गेले. टपालाने पाठवण्याची हिंमत झाली नाही, किंवा लाज वाटली, दोन्हींत मला आता फारसा फरक दिसत नाही. धाकटीचा दावा मंजूर, परवाना कायम. रक्कम हप्त्यांनी, पहिला हप्ता दीड महिन्याने. थोरलीची मंगळवारची मजुरी त्यातून वसूल. खाट त्याच दिवशी रिकामी करावी. मावशीचा भत्ता बंद. कारखान्याने तिचीही खाट काढून घेतली होती.

मावशीला वाचता येत नव्हते. धाकटीने आपला कागद वाचला, घडी घालून पिशवीत ठेवला, मग मावशीच्या हातातला ओढून घेतला आणि तोही मोठ्याने, एकही शब्द न गाळता, सही-शिक्क्यापर्यंत वाचला. दारातल्या रुळावरच्या बायका ऐकत होत्या. काठीने मान फिरवली.

“खोली बघितलीय मी,” धाकटी मला म्हणाली, जणू मी विचारले होते. “पत्र्याची. नळ बाहेर. एकटीला परवडत नाही.”

मी पर्स उघडू लागले. तिने माझ्याकडे असे पाहिले की मी ती बंद केली.

मग तिने मावशीचे गाठोडे उचलून आपल्या खांद्यावर टाकले आणि फाटकाकडे चालू लागली. मावशी जागच्या जागी उभी होती. धाकटी दहा पावलांवर थांबली, पण वळली नाही.

“चल. कुठंतरी भांडी घास, खोलीचं निम्मं भाडं तुझं. पत्रा गळला तर निम्मा तुझा. आणि माझ्याशी बोलायचं नाही.”

मावशीने काहीतरी म्हणायला तोंड उघडले, मिटले, आणि ती तिच्या मागोमाग निघाली.